तीनशे हात जागा

पाटी आधी वन्संना लागली. लागली म्हणजे कपाळालाच लागली. धुकं असं दाट होतं की आपलाच हात लांब केला तर बोटं दुसऱ्या कुणाची वाटावीत. घायपाताच्या वाखाचा भारा काखेत मारून वन्सं रोजच्या वाटेनं पट्टीवर आल्या. काल संध्याकाळपर्यंत जिथं नुसती हवा होती, तिथं आज दोन पायांवर एक लोखंडी पाटी उभी होती.

"कोण मेलं मधे उभं आहे?" वन्सं ओरडल्या. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी चाचपून बघितलं. "वहिनी, ये गं इकडे! आपल्या वाटेत कुणीतरी दार लावून गेलंय. भिंत नाही, नुसतं दार."

वहिनी, म्हणजे दोरवाल्याची बायको, चाकाच्या आसाला तेल घालत होती. हात फडक्याला पुसत ती आली. घरात तीन माणसं, ती, तिचा नवरा आणि नवऱ्याची मोठी विधवा बहीण. त्यातली शाळेत गेलेली ती एकटी. म्हणून वाचायचं काही आलं की दोघं तिच्याकडं बघत, तापलेलं भांडं उचलायला चिमट्याकडं बघावं तसं. पाटीवरचं दव बोटानं पुसत तिनं एकेक ओळ वाचली. या जागेवर घरं व्हायची होती. सहा-सहा मजल्यांच्या तीन इमारतींत फ्लॅट, आणि चाळीस रो-हाऊस. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत नगररचना कार्यालयात लेखी कळवावं. खाली शिक्का, शिक्क्याखाली तारीख.

"कोणत्या जागेवर?" वन्संनी विचारलं.

"याच."

वन्संनी मागंपुढं बघितलं. मागं धुकं, पुढं धुकं. "दिसत तर काहीच नाही," त्या म्हणाल्या, "यांना बरं दिसलं."

जागा तशी मळेवाल्यांची. गावाच्या कडेचं ते रान किती वर्षं पडीक होतं कुणास ठाऊक. त्याच्या एका अंगानं, चाकाच्या छपरापासून पार टोकाच्या दगडापर्यंत, तीनशे हात लांब आणि चार हात रुंद अशी दोरवाल्यांची पट्टी. दोर वळणारा माणूस कमरेला वाख गुंडाळून मागं मागं चालत जातो, हातातून वाख सोडत जातो आणि समोर चाक फिरत असतं. जितकं चालणं तितकं सूत. दोरवाल्याचा आजा या पट्टीवर उलटा चालला, बाप चालला, आता हा चालत होता. मळेवाल्यांनी कधी कागद केला नाही. "चाला की," म्हातारे म्हणायचे, "चालण्यानं जमीन झिजते थोडीच?" म्हातारे मागल्या वर्षी गेले. मुलगा कुठं लांब राहत होता. त्यानं ते रान कधी पायाखाली घातलं नव्हतं, त्यानं विकलं.

दोरवाला छपरात बसून सगळं ऐकत होता. त्याचं बोलणं एरवीही मोजकंच. त्यानं वाख कमरेला गुंडाळला, एक शेव, म्हणजे टोक, चाकाच्या आकड्यात अडकवली आणि म्हणाला, "फिरव."

तिनं चाक फिरवलं. चाकाचा आवाज हळूहळू एका सुराला आला. नवरा तिच्याकडं तोंड करून मागं मागं जायला लागला. दहा हातांवर त्याचे पाय पुसट झाले, वीस हातांवर कंबर, आणि मग तो अख्खाच पांढऱ्यात विरघळला. राहिलं ते फक्त सूत. तिच्या हाताजवळून निघून थरथरत, कुणाचंच नसल्यासारखं, धुक्यात गेलेलं. असं झालं की तिला नेहमी वाटायचं, आपण माणूस दूर पाठवत नाही, त्यालाच कातून लांब करतो आहोत.

त्या दिवसांत काम हातघाईवर आलेलं होतं. पाटीच्या आधी चार दिवस तरवाला येऊन गेला होता. नदीवर त्याची तर, म्हणजे माणसं उतरवणारी नाव, होती. दोन्ही काठांना बांधलेला एक दोर, त्या दोराला धरून ती अलीकडची पलीकडं जायची. जुना दोर मधोमध केसाळ झाला होता. "एकसंध पाहिजे," तरवाला म्हणाला. "गाठ चालायची नाही. गाठ कप्पीतून जात नाही, मधेच अडकते, आणि नदीला तेवढंच हवं असतं." दोनशे हातांचा दोर, आणि पाणी चढायच्या आत. आता पिळात तिसरा हिस्सा जातो. दोनशे हातांचा दोर हवा तर तीनशे हातांचं सूत लागतं, आणि तीनशे हातांच्या सुताला तीनशे हात सरळ जागा. पंचक्रोशीत तेवढी सरळ गोष्ट एकच होती, आणि तिच्या तोंडाशी आता पाटी उभी होती.

एकशेवीस सुतं कातायची. चाळीस-चाळीस सुतांचा एक पेड, आणि असे तीन पेड एकमेकांत वळायचे. धुक्याच्या सकाळी वाख मऊ राहतो, सूत लोण्यासारखं निघतं. ऊन चढलं, वारा सुटला की तोच वाख कडकडा मोडतो. म्हणून सकाळ उजाडल्यापासून दुपारपर्यंत चाक, आणि दुपारनंतर फणी. वन्सं फणीवर बसत. खिळ्यांच्या फणीतून वाखाचे झुपके ओढत, आणि तिरप्या उन्हात वाखाची बारीक कुसं इतकी उडत की वन्संच्या भोवती सोन्याचा धूर पेटल्यासारखं दिसे. त्या धुरातून त्यांचं खोकणं आणि बोलणं एकदमच येई.

"मी मेले ना," त्या म्हणत, "तर मला जाळू नका. फणीतून काढा. बरंच सूत निघेल."

आठवड्यानं मास्तर आले. पलीकडच्या गल्लीत राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले, धुक्यातही छत्री घेऊन फिरणारे. हातात रेघा मारलेला कागद.

"सहा मजले म्हणजे चेष्टा आहे का?" ते म्हणाले. "दुपारी तीननंतर आमच्या ओट्यावर ऊन यायचं नाही. आमच्या हिचे गुडघे त्या उन्हावर चालतात. वरून सगळे आपल्या अंगणात डोकावणार ते वेगळंच. हरकत घेतोय आम्ही. एकेचाळीस सह्या झाल्या. तुमची?"

दोरवाल्यानं सूत न सोडता मान हलवली. "जमीन आमची नाही, मास्तर. ज्याची आहे त्यानं विकली. दुसऱ्याच्या दारात उभं राहून तू घर बांधू नको म्हणायचं, ते कोणत्या तोंडानं?"

"अहो, पण तुमची पट्टी?"

"पट्टीवर आम्ही चालतो. एवढंच." आणि तो चालायला लागला. बघता बघता धुक्यानं त्याला आत घेतलं.

मास्तर चाकापाशी थांबले. ती एका हातानं चाक फिरवत होती. तिनं विचारलं, "सही केली तर पट्टी राहील का?"

"पट्टी?" मास्तर म्हणाले. "हे सगळं प्रकरणच राहणार नाही!"

मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिनं एकदा धुक्यात पाहिलं. सूत ताणलेलं होतं, म्हणजे तो चालत होता, म्हणजे तो दिसत नव्हता. चाक उजव्या हातानं फिरवत तिनं डाव्या हातानं सही केली. शाळकरी अक्षर, तेही डाव्या हाताचं. ते कागदावर पाय घसरल्यासारखं आडवं पडलं.

नवऱ्याला ती हे सांगणार होती. दुपारी जेवताना सांगणार होती, मग फणीजवळ, मग उद्या. नवं सूत चढतच होतं. बोलायची वेळ आणि कामाची वेळ एकच असली की बोलणं मागं पडतं. दोन दिवस गेले की ते शिळं होतं, आणि चौथ्या दिवशी ते गुपित होतं.

वाख आणायला गावात गेली तेव्हा ती नगररचना कार्यालयात शिरली. नकाशा भिंतीला लावलाय म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. आत एक लांब टेबल आणि टेबलापलीकडं कारकून. त्यानं तिला एक छापील फॉर्म दिला.

"तुम्ही कोण? मालक, भाडेकरू, की शेजारी? एकावर खूण करा."

"आम्ही तिथं चालतो."

"चालतो असा रकाना नाही."

"मग शेजारी."

"तुमच्या घराची हद्द त्या जागेला लागते का?"

"घर गल्लीत आहे. चाक जागेवर आहे."

कारकुनानं फॉर्म परत घेतला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि खणात ठेवला. त्यात अपमान करावा असं काही त्याच्या मनात नव्हतं, पण तिचे कान तापले.

भिंतीपाशी बिल्डरकडची नकाशे काढणारी मुलगी उभी होती. केसांत पेन्सिल खोचलेली, डोळे जागरणानं बारीक झालेले. तिनं सगळं ऐकलं असावं. "या, दाखवते," ती म्हणाली. नकाशा बाकाएवढा मोठा होता. पांढऱ्यावर करड्या चौकोनांची घरं, आणि वरून खालपर्यंत एका कडेला हिरवी रेघ.

"ही काय?"

"मोकळी जागा. नियमानं सोडावीच लागते. तिथली जमीन आधीच चालून चालून टणक आणि सरळ झालेली. म्हटलं, फिरायला बरी. म्हणून तिथंच सोडली."

तिनं हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. एवढ्याशा बोटाखाली तीन पिढ्या मावल्या. "म्हणजे आम्ही चाललो तर?"

"चाला की! फिरायलाच आहे ती."

तिला एकदम हसू आलं. कधी नव्हे ते त्या कार्यालयाच्या खिडकीतून आत येणारं ऊन तिला मऊ वाटलं. पट्टी राहणार होती. कुणी न मागता, कुणी न भांडता, कुणा अनोळखी मुलीच्या पेन्सिलीतून राहिली होती.

"पण आता ती राहायची नाही," मुलगी म्हणाली. तिनं केसांतली पेन्सिल काढली. "उंचीबद्दल हरकत आली आहे. बेचाळीस जणांची. सहाचे चार मजले करा म्हणतात. केले तर त्या दोन मजल्यांतली घरं कुठं तरी ठेवायला हवीत ना, बाई? बसतील तेवढी जमिनीवरच येणार." आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं तिनं हिरव्या रेघेवर टकटक केलं. "सहा रो-हाऊस बसतात इथं. मोकळी जागा मग कोपऱ्यात, तिकोनी."

बेचाळिसावी सही कुणाची ते नकाशावर लिहिलेलं नव्हतं.

ती टेबलाकडं परत गेली. सही मागं घ्यायची असेल तर काय करायचं, असं तिनं विचारलं. कारकुनानं खण उघडला, फॉर्म शोधले, खण लावला. "हरकत घ्यायचा फॉर्म आहे. हरकत सोडायचा नाही," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "सुनावणीला या. तिथं बोलता येतं."

त्यानंतरचे दिवस तिला नंतर कधी नीट एका ओळीत आठवले नाहीत. आठवायचं ते धुकं, चाकाचा सूर, आणि सुताच्या टोकाला असलेला, दिसत नसलेला नवरा. चाक फिरवता फिरवता तिचे डोळे मिटायचे आणि तिला पट्टीवर घरं दिसायची. सहा घरं एकापुढं एक, आणि सूत त्या घरांच्या भिंतींतून, खिडक्यांतून, कुणाच्या तरी पलंगावरून, मांडलेल्या ताटांवरून आरपार जातंय. घरातली माणसं वाकून त्या सुताखालून जातायत, तक्रार न करता. मग सूत तुटायचं आणि ती जागी व्हायची. धुक्यातून नवऱ्याचा आवाज यायचा, "हात जड पडतोय तुझा. बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"वाख कोरडा आहे."

वाख ओलाच होता. वन्सं फणीवरून तिच्याकडं बघत राहायच्या.

सुनावणी सकाळी अकराला होती. दोरवाला यायला तयार नव्हता. नव्वद सुतं झाली होती, तीस राहिली होती आणि धुकं चांगलं होतं. वन्संनी त्याला उठवलं. "चल," त्या म्हणाल्या. "त्या पाटीनं माझं कपाळ फोडलंय. निदान ती कुणाची ते तोंड तरी बघू दे."

सभागृह गच्च भरलेलं होतं. समितीचे पाच जण, मधे अध्यक्षबाई. चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या आणि सतत पाणी पिणाऱ्या. मास्तर बोलले, छान बोलले. उन्हाबद्दल बोलले तेव्हा त्यांचा आवाज खरा थरथरला, कारण पहिल्या रांगेत त्यांची बायको गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. मग नकाशेवाली मुलगी उठली आणि तिनं नवा नकाशा लावला. चार मजले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवी रेघ गेली होती. तिच्या जागी सहा चौकोन होते, दातांसारखे.

"आणखी कुणाला बोलायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ती उभी राहिली. आपण उभे राहिलो हे तिला वन्संच्या तोंडाकडं बघून कळलं.

"मला म्हणायचं होतं," ती म्हणाली, "उंच बांधा."

"काय?"

"आधीचे सहा मजलेच असू द्या. वाटलं तर सात करा. वर आभाळ आहे, ते काय सरतंय? खाली आमची पट्टी आहे, ती एकच आहे."

सभागृहात आधी कुणाला कळलं नाही, मग एकदम कळलं. मागून कुणी हसलं, कुणी म्हणालं, "बिल्डरनं पढवलंय बाईला." मास्तर मागं वळून बघत राहिले. ते रागावले नव्हते. वर्गातल्या शहाण्या मुलीनं भलतंच उत्तर द्यावं तसे बघत होते.

"तुम्ही तिथं काय करता?" समितीतल्या एकानं विचारलं.

"चालतो."

आता सगळेच हसले. अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरचा कागद पाहिला. "पण हरकतीच्या अर्जावर तुमची सही आहे ना? क्रमांक बेचाळीस?"

"आहे."

"मग तुमची हरकत आम्ही मान्यच केली आहे, बाई."

तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. सूत नसतानाही तिला कळलं. शेजारी बसलेला माणूस एकाएकी तीनशे हात लांब गेला.

हात वर झाले. तीन बाजूनं, दोन विरुद्ध. चार मजले, शेहेचाळीस रो-हाऊस, मंजूर. अध्यक्षबाई पाणी प्यायल्या. मग पेला खाली ठेवून, जणू सभेबाहेरचं विचारतायत अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तिथं सध्या काही काम चालू आहे का तुमचं?"

"तरीचा दोर," ती म्हणाली.

"किती दिवस लागतील?"

शेजारून दोरवाल्याचा आवाज आला. बसूनच बोलला तो. "बारा दिवस. धुकं राहिलं तर दहा."

"बारा लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मंजुरीत अट घाला. त्या कडेची खोदाई बारा दिवसांनी."

परतताना तिघं एकामागं एक चालली. दाराशी वन्सं म्हणाल्या, "भूक लागली असेल तर भांडण जेवून करा. रिकाम्या पोटी काहीतरीच बोललं जातं." पण भांडण झालंच नाही. तो हातपाय धुऊन पट्टीवर गेला, वाख कमरेला गुंडाळला, शेव आकड्यात अडकवली आणि उभा राहिला. फिरव असंही म्हणाला नाही. तिनं फिरवलं.

सहा दिवस असेच गेले. त्याच्याकडून चारच शब्द यायचे: सोड, धर, थांब, झालं. रानाच्या दुसऱ्या कडेला यंत्रं आली होती. धुक्यात ती दिसत नसत, नुसती घुरघुरत. मधेच एखादा लांब लोखंडी हात पांढऱ्यातून वर यायचा, थोडा वेळ विचार केल्यासारखा थांबायचा आणि पुन्हा बुडायचा. माती उलटल्याचा ओला वास यायचा. तिच्या तळहाताला चाकाच्या मुठीनं घट्टा होता, तो फुटला. तिनं चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी मुठीवर कुणीतरी वाखाची मऊ वेणी गुंडाळून ठेवलेली होती. वन्संना वेणी घालता येत नव्हती, त्यांच्या बोटांत संधिवात होता.

शेवटचं सूत संपलं त्या दुपारी दोघं छपरात बसली. वन्सं पाणी आणायला गेल्या होत्या.

"मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो. आणि तू केली असतीस. ते चाललं असतं." तो हाताच्या रेघांत अडकलेली कुसं काढत होता. "पट्टीचं सोड, ती जायचीच होती आज ना उद्या. पण महिनाभर तू माझ्याकडं तोंड करून चाक फिरवत होतीस, आणि मी रोज तुझं तोंड बघत मागं जात होतो. मला वाटायचं, दिसतंय मला."

ती उठली आणि पेड मांडायला लागली, आणि तोही उठला.

तीन पेड एकमेकांत वळायचे म्हणजे तीन माणसांचं काम नव्हे. पेडांखाली जागोजाग लाकडी घोड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पेड मातीला लागतात. त्या घोड्या धरायला माणसं लागतात. दोरवाल्यानं कुणाला बोलावलं नव्हतं. पण सकाळी धुकं विरळ झालं तेव्हा पट्टीच्या कडेनं माणसं उभी दिसली. गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, तरवाला आणि त्याचे दोघे भाऊ, छत्रीसकट मास्तर. तरवाल्यानं सांगितलं असेल, किंवा बेचाळीस सह्यांचं ओझं नुसत्या उन्हानं हलकं होत नसेल.

"आमचं ऊन वाचलं," मास्तर तिच्याजवळ येऊन म्हणाले. "पण खरं सांगतो, बाई, आम्हाला नकाशा…"

"मास्तर, घोडी धरा," वन्सं म्हणाल्या. "बोलताना सुटते."

तीन खाचांचा लाकडी भोवरा दोरवाल्यानं पेडांत बसवला. चाकाचा आकडा फिरायला लागला, आणि भोवऱ्याच्या मागं तिनांचं एक होत गेलं. दोर जन्मताना आवाज करतो. कण्हल्यासारखा, दातांखाली काहीतरी दाबून धरल्यासारखा. भोवरा आपण होऊन पुढं सरकत होता. दोरवाला त्यावर नुसता हात ठेवून चालत होता, झोपलेल्याच्या छातीवर ठेवावा तसा. माणसं घोड्या उचलून बाजूला होत होती. ऊन आलं. वाखाची कुसं सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, मास्तरांच्या छत्रीवर जाऊन बसली. सगळा गाव एका क्षणात म्हातारा झाल्यासारखा, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नसल्यासारखा दिसायला लागला. दुपारी भोवरा दगडापाशी पोचला. दोर झाला. दोनशे हात आणि वर चार बोटं.

गाडीवर वेटोळं घातलं तर नव्या दोराला वळण धरतं, म्हणून तो खांद्यांवरून न्यायचा ठरला. पाच-पाच हातांवर एक, अशी चाळीस माणसं एका दोराखाली उभी राहिली. पट्टीवरून गल्लीत, गल्लीतून उतारानं नदीकडं. वळणावर पुढची माणसं दिसेनाशी होत आणि मागच्यांना नुसतं चालत राहावं लागे. तिच्या पुढं मास्तरांची बायको होती. दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू चालत होती, आणि तिच्यासाठी सगळा दोर हळू चालत होता.

तेराव्या दिवशी यंत्र पट्टीवर आलं. तिघंही बघायला गेली नाहीत. चाकाचं छप्पर आदल्या दिवशीच सोडलं होतं. चाक घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. महिनाभर दोरवाला ओट्यावर बसून दावी आणि शिंकी वळत राहिला. त्या कामाला जागा लागत नाही, दोन पायांचे अंगठे पुरतात. तरवाला एकदा येऊन बसला. पलीकडच्या काठावर पुराचा मातीचा बांध आहे, म्हणाला. वर माथा चार हात रुंद. नदी मधूनमधून येऊन बघून जाते, म्हणून तिथं कुणी घर बांधत नाही आणि कुणी मंजुरीही मागत नाही. बांधाची राखण त्याच्या भावाकडंच होती.

"सरळ आहे का?" दोरवाल्यानं विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे माणसासारखा," तरवाला म्हणाला.

धुकं सरत आलेल्या हंगामातली ती शेवटची जाड सकाळ. चाक आधी तरीनं पलीकडं गेलं, मग फणी, मग फणीवर बसल्यासारख्या वन्सं. बांधाच्या माथ्यावर चाक रोवायला दुपार झाली, तरी नदीवरून येणारं धुकं हललं नव्हतं. खाली दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. बांध आभाळात टाकलेल्या फळीसारखा दिसत होता. त्यानं वाख कमरेला गुंडाळला. शेव आकड्यात अडकवली. आणि मग तो जागचा हललाच नाही.

तिला आधी कळेना. मग कळलं. जुन्या पट्टीवर त्याला कधी मागं बघावं लागलं नव्हतं. तिथली माती त्याच्या टाचांना पाठ होती, आजापासून. इथं मागं काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. खड्डा असेल, दगड असेल, बांध कुठं वळत असेल. आणि हातात वाख असताना मान वळवली की सूत जाड-बारीक होतं.

त्याच्या खांद्यावरून पलीकडं तिला दिसत होतं. पुष्कळ नाही, पण त्याच्यापेक्षा जास्त.

"या," ती म्हणाली. "चार पावलं मोकळी आहेत."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिनं चाक फिरवायला घेतलं आणि तो मागं निघाला. एक, दोन, तीन, चार.

"आता जरा डावीकडं या. दगड आहे… हं. सुटला. आता सरळ."

वन्संनी फणी थांबवली होती. सूत लांबत होतं. धुकं त्याच्या पायांना लागलं, कमरेला लागलं.

"पुढं बांध उजवीकडं वळतो," ती म्हणाली, आणि मग तिला तो दिसेनासा झाला, त्याच्यामागचंही काही दिसेनासं झालं. तिनं चाक हळू केलं. "अहो, थांबा! मला दिसत नाही आता."

धुक्यातून त्याचा आवाज आला, जवळून, हसू दाबल्यासारखा. "मग तूच ये पुढं. चाक ताईकडं दे."

वन्सं कुरकुरत उठल्या आणि त्यांनी चाकाची मूठ धरली. ती सुताच्या कडेनं चालत निघाली. दहा पावलांवर तो उभा होता. ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, आणि मग त्याच्याकडं पाठ करून, वाट बघत पुढं चालायला लागली. तिच्या मागोमाग तो, मागं मागं, वाख सोडत. ती मोठ्यानं सांगत गेली. इथं खड्डा, इथं गवत, इथं ओलं, इथं चांगलं.